रात्री सोबत असणाऱ्याचा जबाब

"काल रात्री फार छान बोललात हो!" कवायत मास्तर सकाळी जिन्यात म्हणाले, तेव्हा स्वल्पविरामांना वाटलं, मास्तर आपल्या मागच्या कुणाशी तरी बोलतायत. त्यांनी वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"मी?" त्यांनी विचारलं.

"मग काय मी? चांगले या पायरीवर बसला होतात. इतकी वर्षं एका इमारतीत राहतोय आपण, पण तुम्हाला आवाज आहे हे मला काल कळलं."

स्वल्पविराम हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला एक पातळ कागद असतो, ज्यावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत सगळे धोके छापलेले असतात आणि जो लोक न वाचता फेकून देतात, असे कागद छापणाऱ्या छापखान्यात ते मुद्रितशोधक होते. जगात हे कागद शेवटपर्यंत वाचणारा एकच माणूस होता आणि त्याला त्याचा पगार मिळत होता. छापखान्यात त्यांना हे नाव पडलं, त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे चुकलेला स्वल्पविराम त्यांच्या नजरेतून कधी निसटत नसे. दुसरं म्हणजे बोलताना दोन शब्दांच्या मध्ये ते इतके थांबत, की समोरच्याला वाटे, संपलं बहुतेक, आणि तो निघून जाई. नाव छापखान्यातून इमारतीत कसं पोचलं कुणास ठाऊक. असली नावं पत्ता विचारत येतात.

"मी काल लवकर झोपलो," ते मास्तरांना म्हणाले.

"झोपला असाल. मग उठला असाल."

"उठलो, नाही."

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले कवायत शिक्षक आणि इमारतीचे सेक्रेटरी. कुणाशीही बोलताना आधी त्याची पाठ ताठ आहे का, हे ते बघत. त्यांनी स्वल्पविरामांची पाठ बघितली, मग चेहरा बघितला आणि आवाज खाली आणून विचारलं, "मग काल माझ्याशी बोललं कोण?"

याचं उत्तर संध्याकाळी मिळालं. समोरच्या दारातल्या शिवणवाल्या वहिनी मशीन थांबवून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या कुंड्यांना पाणी घालता, बरं वाटतं हो. फक्त किटलीत पाणी असू द्या."

म्हणजे हे एका रात्रीचं प्रकरण नव्हतं. स्वल्पविराम घरात गेले, दार लावलं आणि किटलीकडे बराच वेळ संशयानं बघत बसले.

घरात आता दुसरं कुणी नव्हतं, ज्याला विचारावं. आधी ताई होती. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघांनीही लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कधी चर्चाही केली नाही. ताई बोलायची, स्वल्पविराम ऐकायचे. ही वाटणी दोघांना मान्य होती. मग ताईच्या गुडघ्यांनी तिसऱ्या मजल्याला नकार दिला आणि गेल्या वर्षी धाकटी बहीण तिला आपल्या गावी तळमजल्याच्या घरी घेऊन गेली. तेव्हापासून असं व्हायचं, की शुक्रवारी संध्याकाळी घरी आलेले स्वल्पविराम थेट रविवारी ताईला फोन करायला तोंड उघडत आणि पहिला शब्द खरखरत बाहेर पडे, खूप दिवसांनी उघडलेल्या खिडकीसारखा. "बरी आहेस?" "बरी आहे. तू?" "बरा." मग दोघं थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकत आणि फोन ठेवत.

असा हा माणूस रात्री जिन्यात बसून गप्पा मारतो, ही बातमी त्यांना चोरीच्या आरोपासारखी लागली. ‘क्वचित प्रसंगी झोपेत चालणे वा बोलणे’ ही ओळ त्यांनी कितीतरी कागदांवर तपासली होती. तिच्यातली वेलांटी त्यांनी स्वतः दुरुस्त केली होती. पण ती ओळ कागदावरून उठून आपल्या घरात येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. बरं, औषधाचा परिणाम म्हणावा, तर ते कुठलंच औषध घेत नसत. ते कागद वाचल्यावर गोळी गिळायची छाती होत नाही.

तेव्हा या प्रकाराचा छडा लावायचा, तोही कुणाला न कळू देता, असं त्यांनी ठरवलं. दोन दिवसांत सगळी इमारत सल्ला द्यायला लागली.

वहिनी म्हणाल्या, "पलंगाजवळ गार पाण्याची बादली ठेवा, भाऊजी. पाय त्यात पडला की जाग येणारच." त्यांनी ठेवली. सकाळी पाय कोरडे आणि बादली जागेवर नाही. ती न्हाणीघरात होती, काठोकाठ भरलेली, वाटेत एक थेंब सांडलेला नाही. जागेपणी स्वल्पविरामांना पाण्याचा पेलासुद्धा न सांडता नेता येत नसे. आपल्याच घरात आपल्यापेक्षा नीटनेटका माणूस राहतो, हे त्यांना फार झोंबलं.

मास्तरांनी शाळेतली जुनी पितळी घंटा आणून दाराला बांधली. त्या रात्री दार उघडलं, घंटा वाजली आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळे उठले. स्वल्पविराम सोडून. ते, असं दुसऱ्या दिवशी त्यांना सांगण्यात आलं, जमलेल्या मंडळींना म्हणाले, "मधली सुट्टी झाली वाटतं," आणि परत जाऊन झोपले.

"किल्ली लपवा," मास्तर मग म्हणाले. "आतून कुलूप आणि किल्ली अशा जागी, की झोपलेल्या माणसाला सापडता कामा नये."

स्वल्पविरामांनी किल्ली चहाच्या डब्यात, पत्तीच्या तळाशी पुरली. सकाळी पत्ती उपसली. किल्ली नाही. साखर उपसली, पीठ उपसलं, उशा उसवायचं तेवढं बाकी ठेवलं. ऑफिसची वेळ झाली, टळली. शेवटी, इस्त्रीचा शर्ट घातलेला आणि कोपरापर्यंत पिठानं माखलेला तो गृहस्थ खिडकीत उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा जागेपणी ओरडला. ओरडतानाही मध्ये थांबल्यामुळे खालच्यांना आधी नुसतंच "अहो" ऐकू आलं, आणि ते वर बघून हात हलवून निघून गेले.

अखेर मास्तर किल्लीवाल्याला घेऊन आले. त्यानं खुडबुड करून कुलूप तोडलं, आत पाऊल टाकलं आणि दाराशेजारच्या खिळ्याकडे बोट दाखवत विचारलं, "ही कुठली किल्ली?"

किल्ली खिळ्यावर होती. रोज जिथे असते तिथेच. झोपलेल्या स्वल्पविरामांनी ती पत्तीतून काढून, पुसून, जागच्या जागी लावून ठेवली होती, आणि जागे स्वल्पविराम सकाळपासून तो खिळा सोडून सगळीकडे बघत होते. मुद्रितशोधकाच्या नजरेची अशी शोभा मास्तर, वहिनी आणि किल्लीवाला यांच्यासमोर झाली. वहिनी नुसत्या म्हणाल्या, "पत्तीला हात लावू नका हं, मी चाळून देते."

खोटं बोलणं आणि चुकीचं छापणं स्वल्पविरामांच्या मते एकच. त्यामुळे उशीर का झाला, हे त्यांनी मॅनेजरना खरंखरं सांगितलं. मॅनेजर ऐकता ऐकता खुर्चीत मागे मागे सरकत गेले.

"म्हणजे तुम्ही झोपेत सगळी कामं करता?"

"हो."

"नेहमीसारखी?"

"नेहमीपेक्षा, बरी."

"मग आत्ता तुम्ही जागे आहात कशावरून?"

स्वल्पविरामांकडे याचा पुरावा नव्हता. मॅनेजरांचं म्हणणं असं, की गोळी दिवसातून एकदा की अकरा वेळा, हे ज्याच्या नजरेवर ठरतं, तो माणूस टक्क जागा हवा. तेव्हा डॉक्टरांचा दाखला आणेपर्यंत औषधाचे कागद बंद. त्यांना कपडे धुण्याच्या पावडरीच्या पिशव्यांवर बसवण्यात आलं. दिवसभर पुढ्यात एकच वाक्य: ‘आता अधिक फेस!’ त्यात एकही स्वल्पविराम नव्हता. आणि दाखला मिळाला नाही, तर या पिशव्याही काही त्यांच्यासाठी थांबणार नाहीत, असं मॅनेजर जाता जाता म्हणाले.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या.

"रात्री नेमकं काय होतं?"

"माहीत नाही. मी झोपलेला असतो."

"मग चालता हे कसं कळलं?"

"लोक सांगतात."

"घरात रात्री कोण असतं?"

"मी."

"आणि तुम्ही झोपल्यावर?"

स्वल्पविरामांनी प्रश्नाचा नीट विचार केला. "मग, कुणीच नसतं," ते म्हणाले.

बाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी पेन ठेवलं आणि घाई थोडी बाजूला सारली. "हे बघा," त्या म्हणाल्या, "मेंदू दिवा मालवावा तसा एकदम मालवत नाही. गाढ झोपेत कधी कधी त्याचा काही भाग जागा होतो आणि काही तसाच झोपून राहतो. मग पाय चालतात, तोंड चालतं, सवयीची कामंही होतात. फक्त आठवण ठेवणारा झोपलेला असतो. थकवा, ताण, घरातला बदल, कशानंही हे वाढतं. कुणाला दिसलात तर हाताला धरून हळूच परत निजवावं, बस्स. आणि त्या बोलण्याचा अर्थ लावत बसू नका. बहुतेक वेळा त्याला अर्थ नसतो."

"मग, चालतो, तो कोण?"

"तुम्हीच."

"लोक म्हणतात, तो माझ्यापेक्षा बरा आहे."

बाई हसल्या, पण दाखला देईनात. हे लहानपणापासून असेल तर फारशी काळजी नाही. या वयात नव्यानं सुरू झालं असेल तर मात्र तपासण्या कराव्या लागतील, आणि त्या होईपर्यंत सही नाही. त्यासाठी त्यांनी एक छापील कागद दिला. मथळा होता: ‘रात्री सोबत असणाऱ्याचा जबाब’. स्वल्पविरामांनी सवयीनं आधी शुद्धलेखन तपासलं. चूक एकही नव्हती. चूक असती तर जरा आधार वाटला असता.

"सोबत कुणी नसेल तर?" त्यांनी विचारलं.

"कुणी तरी असेलच की," बाई म्हणाल्या आणि पुढचा पेशंट आला.

मास्तरांनी तो कागद वाचला आणि कवायतीला पोरं बोलवावीत तशी इमारत बोलावली. रविवारी सकाळी मास्तरांच्या पुढच्या खोलीत सगळे जमले. स्वल्पविराम मधल्या खुर्चीत, आपल्याच चौकशीला आलेल्या पाहुण्यासारखे.

"मी सुरुवात करतो," मास्तर म्हणाले. "जिन्यात भेटले. मला म्हणाले, 'ताई, थकलीस ना? बस.' मी बसलो. मग मला छापखान्यातलं सगळं सांगितलं. कोण नवीन आलंय, कुणाचा चष्मा बदलला. मधेच सांगितलं, की आज बसमध्ये एका माणसाचे बूट आणि पिशवी एकाच रंगाची होती, तुला सांगायचं लक्षात ठेवलं होतं." मास्तर जरा घुटमळले. "मी म्हटलं, आपण कशाला मधे बोला? ऐकत बसलो. राग मानू नका, पण जागेपणी तुम्ही अगदी खडूस वाटता. झोपेत लाख माणूस."

खोलीत सगळे मान डोलावू लागले. स्वल्पविरामांचे कान तापले. एवढं बोललो? एका पायरीवर?

"मला रोज विचारतात, 'ताई, गुडघे शेकलेस का?'" वहिनी म्हणाल्या. "माझे गुडघे धडधाकट आहेत. पहिल्या वेळी मी म्हटलंसुद्धा, भाऊजी, मी ताई नाही. तर असे गोंधळले, की मलाच कसंतरी झालं. मग मी म्हणायला लागले, हो, शेकले. की जातात शहाण्यासारखे परत." त्या मांडीवरचा दोरा बोटाला गुंडाळत राहिल्या. "खरं सांगू? मला कुणी विचारत नाही, काय दुखतंय म्हणून. त्यामुळे दार वाजलं की मी उघडते."

स्वल्पविरामांना वहिनींना काहीतरी म्हणायचं होतं. ते शब्द जुळवेपर्यंत मास्तरांनी सभा संपल्याचं जाहीर केलं.

सगळ्यांच्या सह्यांचा तो कागद डॉक्टरबाईंनी परत केला. "हे सगळं या वर्षातलं आहे. त्याआधी घरात कोण होतं? त्यांना विचारा."

ताईला विचारायचं नाही, असं स्वल्पविरामांनी पहिल्यापासून ठरवलेलं होतं. ती काळजी करेल, हे एक कारण, आणि हे सगळं ऐकून ती हसेल, हे दुसरं. पण पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी फोन लावला.

"बरी आहेस?"

"बरी आहे. तू?"

इथे ‘बरा’ म्हणायचं असतं. "मी, झोपेत चालतो," ते म्हणाले.

"बरं मग?" ताई म्हणाली.

"मग काय? तुला, माहीत होतं?"

"अरे वेड्या, तू एवढासा होतास तेव्हापासून चालतोस. आईनं मला सांगून ठेवलं होतं, त्याला दचकवायचं नाही, हाताला धरून आणायचं आणि निजवायचं."

"मला कुणी, सांगितलं का नाही?"

"आणि लाजून तेवढंही बोलायचा थांबला असतास म्हणजे?" ताई म्हणाली. "दिवसभर 'हं' आणि 'बरं'. रात्री मात्र माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहायचास आणि दिवसाचं सगळं सांगायचास. मी पडल्या पडल्या उत्तरं द्यायची. आपल्या खऱ्या गप्पा म्हणशील तर त्याच."

"डॉक्टर म्हणतात, त्याला अर्थ नसतो."

"नसायचाच पुष्कळदा. एकदा येऊन सांगितलंस, छापखान्यातले सगळे आकडे रुसून निघून गेलेत. मी म्हटलं, येतील संध्याकाळपर्यंत, तू झोप. तुझं समाधान झालं." ती हसली. मग हसणं विरत गेलं. "इथे सगळे फार चांगले आहेत रे. धाकटी जपते, तिचे यजमान जपतात. खोली वेगळी दिलीय, दार लावलं की कसला म्हणून आवाज येत नाही. पण मला झोपच येत नाही. नुसती पडून असते, कुणीतरी दारात येणार असल्यासारखी. मी निघाले तेव्हा तू 'बरं' म्हणालास. मला वाटलं, तुलाही आता जरा शांतपणा हवा असेल."

स्वल्पविरामांनी तोंड उघडलं आणि नेहमीसारखे थांबले. इतके थांबले, की दुसऱ्या कुणीही फोन ठेवला असता. ताईनं ठेवला नाही.

"तू जाऊ नयेस," ते म्हणाले, "असं मला, म्हणायचं होतं."

"हं," ताई म्हणाली. "सांग मग. काय काय झालं वर्षभरात?"

जबाबाचं पुढे रीतसर झालं. धाकटीनं ताईचं म्हणणं कागदावर उतरवून पाठवलं, डॉक्टरबाईंनी सही केली, मॅनेजरांनी औषधाचे कागद परत दिले आणि फेसाचा विषय संपला. ताईचे गुडघे काही सुधारले नाहीत आणि तिसरा मजला काही खाली आला नाही. पण ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी स्वल्पविराम बोलले. कोरड्या किटलीचं सांगितलं, बादलीचं सांगितलं. घंटेशी आल्यावर ताई हसता हसता खोकायला लागली. किल्ली खिळ्यावर निघाली, तेव्हा ती म्हणाली, "बाई गं, त्या बिचाऱ्या मास्तरांचं तोंड बघायला हवं होतं." मग त्यांनी वहिनींचं सांगितलं. सांगताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण बराच वेळ मध्ये थांबलेलोच नाही. ऊन खिडकीतून सरकत पलंगाखाली गेलं. बसमधलं, छापखान्यातलं, वर्षभर सांगायला लक्षात ठेवलेलं आणि मग कुणाला न सांगता विसरून गेलेलं, सगळं एकामागून एक निघत राहिलं. ताईचं ‘हं’ हळूहळू लांब होत गेलं. मग आलंच नाही.

"ताई?"

पलीकडे संथ, जड श्वास चालला होता. ताई खुर्चीतच झोपली होती.

आता फोन ठेवायला हवा होता. स्वल्पविराम तो कानाला लावून तसेच बसून राहिले. थोड्या वेळानं पलीकडून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं. त्यांना वाटलं, ताई जागी झाली.

"अरे," ताई झोपेतच म्हणाली, अगदी काळजीनं, "ती सगळी बाहेर उन्हात उभी आहेत. त्यांना आत घे."

स्वल्पविरामांनी उठून दार सताड उघडलं. समोर वहिनींचं मशीन चालू होतं. जिना रिकामा होता.

"घेतलं," ते फोनमध्ये म्हणाले. "सगळ्यांना बसवलंय. तू झोप निवांत."